भंडाऱ्याची सांठवण

एखादी वस्तु विपुल असणें आणि ती हवी त्या वेळीं हाताशीं असणें या दोन गोष्टी एक नव्हेत, हें धान पिकविणाऱ्या शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. मृगापासून हस्तापर्यंत वैनगंगेच्या खोऱ्यांत जें पाणी पडतें, तें बहुतेक वर्षीं पिकास पुरून उरेल इतकें असतें. परंतु तें पडतें आपल्या मर्जीनें, आणि धानास लागतें तें धानाच्या वेळेनें. भारी धान निसवण्याच्या सुमारास, म्हणजे आश्विनांत, एक पाणी चुकलें तर मागील चार महिन्यांचा पाऊस फुकट गेल्यासारखाच होतो. पाऊस आणि पीक यांच्या वेळांतील या विसंगतीवर पूर्व विदर्भांतील लोकांनीं जो उपाय काढला, तोच तलाव.

आज विजेच्या व्यवहारांत नेमका हाच प्रश्न उभा राहिला आहे. सूर्यापासून मिळणारी वीज दुपारीं उदंड असते, आणि दिवेलागणीच्या वेळीं, जेव्हां घरोघर तिची गरज वाढते, तेव्हां ती नसते. वाऱ्याची वीज आषाढ-श्रावणांत जोरानें येते व मार्गशीर्षांत मंदावते. ही वीज कोठें व कशी सांठवावी, याची चिंता आज सर्व राष्ट्रांतील तज्ज्ञ वाहत आहेत. विद्युत्-घट आणि हायड्रोजन वायु हीं त्या चर्चेंतील दोन मुख्य उत्तरें होत. प्रस्तुत लेखांत हा प्रश्न भंडारा जिल्ह्याच्या इतिहासांतून पाहण्याचा विचार आहे. कारण ज्या जिल्ह्यानें पाणी सांठविण्याचें शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या जोपासलें, त्याच जिल्ह्याच्या डोंगरांत वीज सांठविण्याच्या घटास लागणारें एक प्रमुख खनिज दडलेलें आहे.

भंडारा हें नांव भांडारावरून आलें कीं पितळेच्या भांड्यांवरून, याचा निर्णय विद्वानांवर सोपवूं. येथें इतकेंच सांगितलें पाहिजे कीं, आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं वेगळा होईपर्यंत भंडाऱ्याचाच भाग होता. म्हणून तळ्यांचा इतिहास सांगतांना दोहोंचा विचार एकत्रच करावा लागतो. गोंड राजांच्या अमदानींत, जो रान तोडून तळें बांधील त्यास त्या तळ्याखालची जमीन द्यावी, अशी उत्तेजनाची चाल होती. या उत्तेजनाचा सर्वांत अधिक उपयोग कोहळी समाजानें करून घेतला. नवेगाव बांध हें त्यांनीं बांधलेल्या तळ्यांपैकीं सर्वांत प्रसिद्ध. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं तें बांधविलें अशी परंपरा आहे. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनीं १९१६ सालीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतही तळीं बांधण्याचें कोहळ्यांचें कसब नमूद आहे.

या कसबाचें स्वरूप ध्यानांत घेण्यासारखें आहे. दोन टेकड्यांच्या मधली नेमकी जागा हेरून मातीची पाळ घालावयाची. पाळीच्या पोटांतून पाणी हवें तितकेंच सोडण्यासाठीं तुडूम बसवावयाचें. आणि अतिवृष्टींत पाळ फुटूं नये म्हणून एका बाजूनें सांडवा काढावयाचा. मोठ्या तळ्याच्या सांडव्याचें पाणी खालच्या तळ्यास मिळे, व त्याच्याही खालीं शेतकऱ्याच्या स्वतःच्या बोड्या असत. अशा रीतीनें एका उतारावरचें पाणी तीन-चार ठिकाणीं थांबत थांबत नदीस जाई. उन्हाळ्यांत गाळ काढून तो शेतांत टाकीत. त्यामुळें तळें खोल राही व शेत सुपीक होई. इंग्रजी अमदानींत गांवें मालगुजारांच्या ताब्यांत आलीं आणि या तळ्यांस मालगुजारी तलाव हें नांव रूढ झालें. त्या व्यवस्थेंत मालगुजाराची मर्जी व गांवकऱ्यांची बिगार यांचा भाग थोडा नव्हता. तेव्हां तिचे पवाडे गाण्याचें कारण नाहीं. परंतु पाळ खचली तर ती कोणीं बांधावयाची, याविषयीं त्या व्यवस्थेंत कोणास संशय नसे, हेंही मान्य केलें पाहिजे.

पुढें जें घडलें तें या लेखाच्या मुख्य विषयाशीं निगडित आहे. भंडारा तेव्हां मध्यप्रदेश राज्यांत होता. त्या राज्याच्या १९५० च्या कायद्यानें मालगुजारी हक्क नष्ट झाले व ३१ मार्च १९५१ पासून तळीं सरकारच्या मालकीचीं झालीं. जमीनदारी जाणें न्याय्यच होतें. पण मालक गेला त्याबरोबर राखणदारही गेला. पाणीपट्टी द्यावी कीं पूर्वापार हक्कानें पाणी फुकट घ्यावें, असे वाद उत्पन्न झाले, गाळ सांचला, कित्येक तळ्यांच्या पोटांत शेतें आलीं. सांठवणीची वास्तु एकदां बांधून संपत नाहीं, ती दरवर्षीं नव्यानें राखावी लागते, आणि ती राखण्याचें काम कोणाचें हें ठरलेलें नसेल तर उत्तम बांधलेलें तळेंही दोन पिढ्यांत डबक्यासारखें होतें, हा धडा या इतिहासानें दिला आहे.

आतां तळ्यांकडून डोंगराकडे वळूं. छिंदवाडा, नागपूर, भंडारा आणि बालाघाट या जिल्ह्यांतून सुमारें दोनशें किलोमीटर लांबीचा एक पट्टा गेला आहे. त्यांत मँगेनीजचें काळें खनिज सांपडतें. तुमसर तालुक्यांतील चिखला, सीतासावंगी, डोंगरी बुजुर्ग हीं त्यांतील प्रसिद्ध स्थळें. हिंदुस्थानच्या भूगर्भ-संशोधन खात्यांतील शास्त्रज्ञ फर्मोर यांनीं १९०९ सालीं या देशांतील मँगेनीजवर एक बृहद्‌ग्रंथ प्रसिद्ध केला. या पट्ट्यांतील एका विशिष्ट खडकास त्यांनीं गोंड लोकांच्या नांवावरून ‘गोंडाइट’ असें नांव दिलें. जगाच्या भूशास्त्रांत तें नांव आजही चालतें. ज्या गोंडांच्या राज्यांत तळीं बांधलीं गेलीं, त्यांचेंच नांव खडकासही मिळालें.

हें खनिज उकरण्यासाठीं १८९६ सालीं इंग्लंडांत एक सिंडिकेट स्थापन झालें. तेंच पुढें सेंट्रल प्रॉव्हिन्स मँगेनीज ओर कंपनी या नांवानें प्रसिद्धीस आलें. पोलाद कठीण व चिवट करण्यास मँगेनीज अवश्य लागतें. १९०५ सालीं रशियांत अंदाधुंदी माजून कॉकेशसांतील खाणींचा माल अडला, तेव्हां हिंदुस्थानच्या खनिजास मोठी मागणी आली. बंगाल-नागपूर रेल्वेचा एक फांटा तुमसरपासून तिरोडीकडे गेला तो मुख्यतः या खनिजासाठींच. आसपासचे गोंड व इतर मजूर खाणींत खपत. बायका ढिगाऱ्यावर बसून हातांनीं खनिज निवडीत. आणि निवडलेला माल आगगाडीनें बंदरावर व तेथून परदेशीं जाई. येथल्या माणसांच्या वाट्यास मजुरी आणि मागें उरलेले खड्डे येत. १९६२ सालीं मँगेनीज ओर (इंडिया) लिमिटेड ही कंपनी स्थापन होऊन तिचे ५१ टक्के भाग सरकारांकडे आले, व १९७७ सालीं उरलेलेही सरकारनें घेतले. आज ‘मॉयल’ या नांवानें ओळखली जाणारी, नागपुरांत मुख्य कचेरी असलेली कंपनी ती हीच.

बहुतेक सर्व मँगेनीज पोलादाच्या भट्टींत जातें. परंतु डोंगरी बुजुर्ग येथील खनिजाची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथें मँगेनीजचा डायॉक्साइड मिळतो, आणि तो कोरड्या विद्युत्-घटाच्या कारखान्यांस लागतो. याचें कारण समजण्यासाठीं घटाचा इतिहास थोडक्यांत पाहिला पाहिजे.

इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा यानें १८०० सालीं पहिला विद्युत्-घट रचला. त्याच वर्षीं निकल्सन व कार्लाइल या दोघां इंग्रजांनीं तसल्या घटाची वीज पाण्यांतून सोडली, तेव्हां पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन असे दोन वायु विलग झाले. म्हणजे विद्युत्-घट आणि विजेपासून मिळणारा हायड्रोजन हीं एकाच वर्षाचीं अपत्यें होत. १८५९ सालीं प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें शिशाचा घट केला. तो रिता झाल्यावर पुन्हां भरतां येई. १८६६ सालीं लक्लांशे या दुसऱ्या फ्रेंच गृहस्थानें जस्त, नवसागराचें पाणी आणि मँगेनीज डायॉक्साइड यांचा घट शोधून काढला. सुमारें वीस वर्षांनीं जर्मनींतील गॅस्नर यानें त्यांतील पाण्याऐवजीं लगदा वापरून घट कोरडा केला व तो खिशांत बाळगतां येऊं लागला. आपल्या घरांतील विजेरी, भिंतीवरील घड्याळ, खेड्यांतील छोटा रेडिओ यांच्या पोटांत आपण जे घट घालीत आलों, ते या वंशांतले.

त्यांत काळ्या भुकटीचें काम कोणतें? जस्त विरघळतांना जे विद्युत्कण मोकळे होतात ते बाहेरच्या तारेंतून वाहून दिवा लावतात. वाटेच्या शेवटीं त्यांस स्वीकारणारें कोणी तरी असावें लागतें. तें काम मँगेनीज डायॉक्साइड करतो. तो विद्युत्कण घेतो व स्वतः पालटतो. पालटून पुरा झाला कीं घट संपला. हा घट साधारणतः पुन्हां भरतां येत नाहीं. तो तळ्यासारखा नसून घड्यासारखा आहे: दुसऱ्या कोणीं भरून दिला, आपण रिता केला. सांठवणीच्या प्रश्नाचें हें निम्मेंच उत्तर होय.

खाणींतून निघालेल्या डायॉक्साइडांत लोह, तांबें, निकेल यांचे अंश असतात व ते घटास मारक ठरतात. म्हणून चांगल्या घटासाठीं तो विजेच्या साहाय्यानें शुद्ध करून घ्यावा लागतो. डोंगरी बुजुर्ग येथें असा डायॉक्साइड करण्याचा कारखाना याच सरकारी कंपनीनें उभारला. त्याची सामान्य रीत अशी: खनिज कोळशाबरोबर भाजावें; गंधकाम्लांत विरघळवावें; गाळून मळ काढावा; आणि त्या ऊन द्रावांतून वीज सोडावी. धनाग्रावर मँगेनीज डायॉक्साइडची कठीण काळी खपली धरते. ती खरवडून, दळून, धुऊन घटाच्या कामीं येते. आणि ऋणाग्रावर? ऋणाग्रावर हायड्रोजनचे बुडबुडे निघतात.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. विजेच्या सांठवणीचीं जीं दोन उत्तरें आज जगापुढें आहेत, घट आणि हायड्रोजन, तीं दोन्ही या एकाच टाकींत, एकाच प्रवाहानें, समोरासमोरच्या पत्र्यांवर जन्म घेतात. रसायनशास्त्राच्या हिशेबानें एक हजार टन डायॉक्साइड तयार झाला कीं त्याबरोबर सुमारें तेवीस टन हायड्रोजन निघालाच पाहिजे. असल्या छोट्या कारखान्यांत तो बहुधा हवेंत सोडून दिला जातो. कारण इतका थोडा वायु गोळा करून, दाबून, विकण्याचा खर्च निघत नाहीं. हा आंकडा मोठा नाहीं, व त्यावर एखाद्या शहराचे दिवे लागतील अशी कल्पना कोणी करूं नये. पण हें शास्त्र कोठें तरी दूर देशीं घडणारी जादू नसून तुमसर तालुक्यांत वहिवाटीचें झालेलें काम आहे, एवढें त्यावरून कळून येतें.

हायड्रोजनानें वारा सांठविण्याची कल्पनाही आजची नव्हे. डेन्मार्कमध्यें आस्कोव्ह येथील शाळेंतील शिक्षक पोल ला कूर यांनीं १८९१ सालीं एक पवनचक्की उभारली. तिच्या विजेनें पाण्यापासून हायड्रोजन काढून टाकींत भरला आणि १८९५ सालापासून शाळेचे दिवे त्या वायूवर लावले. १९२३ सालीं केंब्रिज येथील एका व्याख्यानांत हॉल्डेन यांनीं असें भाकीत केलें कीं, चारशें वर्षांनीं इंग्लंडांत पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहतील व वादळी दिवसांतील जास्तीच्या विजेनें हायड्रोजन करून तो द्रवरूपानें सांठविला जाईल. हेच हॉल्डेन पुढें हिंदुस्थानांत येऊन राहिले व १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले. त्यांच्या चारशें वर्षांपैकीं शंभरच लोटलीं आहेत. पण हिंदुस्थान सरकारनें ४ जानेवारी २०२३ रोजीं १९,७४४ कोटी रुपयांची हरित हायड्रोजन योजना मंजूर केली आहे.

सांठवणीच्या साधनांत कोणतें कशास योग्य, याचा हिशेब रोकडा आहे. डोंगराच्या खालचें पाणी रात्रीं वर चढवावें व गरजेच्या वेळीं खालीं सोडावें, ही रीत महाराष्ट्रांत भिरा व घाटघर येथें चालते. घाटघरचें २५० मेगावॅटचें केंद्र २००८ सालीं सुरू झालें. या रीतींत चार युनिट घातले तर सुमारें तीन परत मिळतात. पण तिला उंच कडा लागतो, आणि तो सह्याद्रीस आहे, धानाच्या सपाट मुलखास नाहीं. लिथियमचे घट दहांतले साडेआठ-नऊ युनिट परत देतात. मात्र त्यांची किंमत अशी कीं, कांहीं तासांपुरतीच सांठवण परवडते. १९८३ सालीं ऑक्सफर्ड येथें थॅकरे व गुडिनफ यांनीं दाखवून दिलें कीं, मँगेनीजच्या एका ऑक्साइडाच्या घडणींत लिथियम सुखानें ये-जा करूं शकतो; तेव्हांपासून मँगेनीज हें पुन्हां भरतां येणाऱ्या घटाचेंही द्रव्य झालें. हायड्रोजनची गोष्ट उलट आहे. एक किलो हायड्रोजन पाण्यापासून काढावयास पन्नासांहून अधिक युनिट लागतात. त्यापासून पुन्हां वीज केली तर त्यांतले एकतृतीयांशच हातीं येतात. पण तो महिनोन्‌महिने ठेवतां येतो, आणि खत व पोलाद यांच्या कारखान्यांत तो विजेवांचूनही उपयोगी पडतो. तेव्हां दुपारचें संध्याकाळीं नेण्यास घट, आणि एका ऋतूचें दुसऱ्या ऋतूंत नेण्यास हायड्रोजन, अशी ही वांटणी आहे. बोडी आणि मोठें तळें यांच्या वांटणीसारखीच ती म्हणावयाची.

या सर्व खटाटोपाची गरज कोणास? शहरांतील माणसास वाटतें कीं, ही चिंता यंत्रशास्त्रज्ञांची आहे. विजेच्या जाळ्यांत क्षणोक्षणीं जितकी मागणी तितकाच पुरवठा असावा लागतो, नाहीं तर जाळें कोसळतें. जुलै १९१२ नव्हे, अगदीं अलीकडे जुलै २०१२ मध्यें, दोन दिवस अर्धा उत्तर हिंदुस्थान अंधारांत होता, हें पुष्कळांस आठवत असेल. परंतु भंडाऱ्यांत हा प्रश्न अधिक जवळचा आहे. शेताच्या पंपास वीज मिळते ती पाळीपाळीनें, आणि त्या पाळ्यांत रात्रीची पाळी असतेच. रात्रीं दोन वाजतां पंप सुरू करावयास जाणाऱ्या माणसाच्या वाटेंत साप असतो, रानडुक्कर असतें, जंगलालगतच्या गांवीं वाघही असतो. शेजारीं तिरोड्यास ३,३०० मेगावॅटचें औष्णिक केंद्र धडधडत आहे. जुन्या भंडाऱ्याच्याच हद्दींतलें तें. विजेचा तुटवडा हा तेथें केवळ परिमाणाचा प्रश्न नाहीं. तो वेळेचा आहे. दिवसा शेतीस सौर वीज द्यावी म्हणून राज्य सरकारनें २०१७ सालीं योजना आरंभिली, ती याच दुखण्यावर. सूर्याची वीज दिवसां शेतास गेली व तिचा उरलेला भाग घटांत राहून संध्याकाळीं घरास मिळाला, तर शेतकऱ्याची रात्रीची फेरी चुकेल. सांठवणीच्या या चर्चेंत धानवाल्याचा जीव असा गुंतलेला आहे.

म्हणून प्रश्न केवळ शास्त्राचा राहत नाहीं. शंभर वर्षें या जिल्ह्यानें काळें खनिज बाहेर पाठविलें आणि त्यापासून झालेलें पोलाद व घट विकत घेतले. नव्या युगांतही तेंच चालावें काय? २०१५ सालीं खनिजाच्या कायद्यांत जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळें जिल्हा खनिज प्रतिष्ठान ही संस्था निघाली. १२ जानेवारी २०१५ पूर्वींच्या पट्ट्यांस रॉयल्टीच्या तीस टक्के इतकी रक्कम, खाणींची झळ लागलेल्या गांवांसाठीं, तीत भरावी लागते. हा हक्क पूर्वीं नव्हता, आणि तो लहान नाहीं. दुसरीहि एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. हें खनिज काढणाऱ्या त्याच सरकारी कंपनीनें मध्यप्रदेशांतील देवास जिल्ह्यांत २० मेगावॅटच्या पवनचक्क्या उभारल्या आहेत. खनिज, शुद्ध डायॉक्साइड आणि वाऱ्याची वीज हीं तीन अंगें एकाच सरकारी छत्राखालीं आहेत. चौथें अंग, म्हणजे भरलेला घट आपल्याच मुलखांत तयार करणें व आपल्याच शेतांत वापरणें, एवढें राहिलें आहे. तें सोपें नाहीं. त्यास भांडवल, कुशल कामगार व पुष्कळ वर्षें लागतील.

परंतु तें साधलें तरी मालगुजारी तळ्यांचा धडा विसरून चालणार नाहीं. विद्युत्-घटांचें घर म्हणजेही एक तळेंच. त्याचीही पाळ दरवर्षीं थोडी खचते, कारण प्रत्येक भरण्या-रिकामें करण्यानें घटाची शक्ति किंचित् घटत जाते व दहा-पंधरा वर्षांनीं तो बदलावा लागतो. त्या दिवशीं तो कोणीं बदलावयाचा, त्याचा खर्च कोणीं सोसावयाचा, झिजलेल्या घटांतलें मँगेनीज व लिथियम कोणीं परत काढावयाचें, आणि दुष्काळी वर्षीं सांठा आधीं कोणास द्यावयाचा, हें पहिल्याच दिवशीं लिहून ठेवलें पाहिजे. कोहळ्यांनीं पाळ बांधतांनाच तुडूम बसविलें आणि सांडवाही काढला. १९५१ नंतर राखणदारीची व्यवस्था मात्र ठरली नाहीं, व तळीं गाळानें भरलीं. अलीकडे कित्येक गांवांनीं पुन्हां एकत्र येऊन गाळ काढावयास आरंभ केला आहे, व त्या तळ्यांखालचें धान आश्विनांत पुन्हां पाणी पितें. विजेची सांठवण भंडाऱ्यांत येईल तेव्हां ज्यांनीं तिची राखण करावयाची, तीं माणसें हींच आहेत. त्यांस या बोलाचालींत आधींपासून बसवून घेणें अगत्याचें आहे.